बंद इंजिनाचा आवाज

माझ्या कानांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर गाडीची गोष्ट समजायची नाही.

एसटीच्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं काढली. मशीन न उघडता नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून तिथे माझं नाव होतं. लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. आवाज हाडातून सरळ डोक्यात शिरतो. बेअरिंग घासतंय, टॅपेट सैल आहे, सगळं कळतं. रिटायर झाल्यावर जुनी गाडी घेणारे लोक मला न्यायला येऊ लागले. आमच्या दिघोरीतले शेजारी तर येतच, उमरेडहूनही येत. "परातेजी, जरा कान लावून द्या." मी पास म्हटलं की सौदा पक्का. गाडी घरी आली की पेढे आणि नारळ आमच्याकडे पोचायचे. पैसे मी कधी घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं, निदान कोणी जाब विचारला असता.

कारण गेल्या तीन वर्षांपासून मला नीट ऐकू येत नाही.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला नाही. डॉक्टरकडे जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. महादेवराव पराते कानात मशीन घालून इंजिन तपासतो, हे वर्कशॉपातल्या जुन्या मंडळींना कळलं असतं तर त्यांनी मला चहाच्या टपरीवर बसू दिलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोन वाजला की "माझे हात भरलेत" म्हणून तो बायकोकडे, शोभाकडे द्यायचा. समोरच्याच्या ओठांकडे पाहायचं, निम्मं समजून घ्यायचं, उरलेल्या निम्म्याला मान हलवायची. लोकांना वाटायचं, म्हातारपणी माणूस गंभीर झाला. आणि पेचकस अजून चालत होता. कान गेले तरी हाड शाबूत होतं, त्यावर माझी अब्रू तगून होती.

मग प्रणालीची बदली भिवापूरला झाली.

प्रणाली आमची एकुलती एक मुलगी. बँकेत आहे, चौतीस वर्षांची. लग्न केलं नाही, त्यावर घरात आता कोणी बोलत नाही. रोज सकाळी दिघोरी नाक्यावरून बस पकडायची, उमरेडपर्यंत बहुतेक उभं राहून जायचं, आणि संध्याकाळी बस मिळेल तेव्हा परत. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर. वर्षभरात पोर अर्धी झाली. शेवटी तिने गाडी घ्यायचं ठरवलं. एवढ्या धावण्याला नुसतं पेट्रोल परवडत नाही आणि भिवापूरला चार्जिंगचा भरवसा नाही, म्हणून हायब्रिड, पेट्रोलही आणि बॅटरीही. त्यातही छोटी एसयूव्ही, म्हणजे उमरेडजवळच्या कोळशाच्या ट्रकांमधून जाताना जरा उंचावर बसता येईल. नवीन आवाक्याबाहेर होती, म्हणून तीन वर्षं वापरलेली शोधली. आठ वर्षांची शिल्लक ती त्यात घालणार होती.

"बाबा," ती एका संध्याकाळी म्हणाली, "घ्यायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरले दाखवून घेऊ काय? ते बॅटरी-बिटरी सगळं चेक करून देतात."

मला ते झोंबलं. इतकं झोंबलं की हातातला चहाचा कप मी आपटलाच.

"काहून? तुहा बाप मेला काय? साऱ्या गावाच्या गाड्या मी पास करतो, अन् माह्या पोरीची गाडी दुसरा कोणी पाहीन?"

ती हसली. "बरं जी बाबा, तुम्हीच पाहा."

झालं. तो विषय तिथेच संपला. म्हणजे मीच संपवला.

गाडी वर्धा रोडवर जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात उभी होती. पांढरी, धुऊन-पुसून लख्ख. दुकानाचा मालक कुशल नावाचा, पस्तिशीचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आता खर्रा भरलेल्या माणसाचे ओठ वाचणं म्हणजे कर्मकठीण. सगळे शब्द गालातल्या गालात. त्याने बॉनेट उघडून दिलं, आत जाऊन बसला, बटण दाबलं. समोर दिवे लागले, एसीचा वारा सुरू झाला. मग काच खाली करून त्याने मला काहीतरी विचारलं. रस्त्यावरून ट्रक जात होते. मी नेहमीसारखा हात हलवला, राहू दे, राहू दे.

आत सगळं काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली होतं. मी बाजूने जागा शोधून पेचकस टेकवला आणि मूठ हाडावर दाबली.

काहीच नाही.

जागा बदलली. दुसऱ्या कानामागे लावून पाहिलं. काही नाही. साधी थरथरसुद्धा नाही. मी डोळे मिटले, श्वास रोखला, दात आवळले. विहिरीत बादली सोडावी आणि ती पाण्याला लागूच नये, तसं झालं. हाडही गेलं, मी मनात म्हटलं. काल-परवापर्यंत होतं, शेजारच्या गणपतरावांचा पंप ऐकला होता, आणि आज गेलं. एक हात मागे सायलेन्सरसमोर धरून पाहायचा, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. त्या वेळी ते मला सुचलं नाही. भीतीने माणसाचं डोकं कसं बंद पडतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

प्रणाली पर्स पोटाशी धरून माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती. "कसं आहे बाबा?" हे तिच्या ओठांवरून कळलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जागा सांगण्याचीच होती, वेळही तीच होती. पण कुशल पाहत होता, त्याची दोन माणसं पाहत होती, आणि माझी पोर पाहत होती.

"टॅपेट जरासं बोलून राहिलं," मी म्हणालो. "बाकी मशीन क्लीन आहे. घेऊन टाक."

कुशलचं चघळणं थांबलं. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग खर्रा थुंकून आला आणि हसला. "मानलं काकाजी तुमच्या कानाले!" हे मात्र मला अगदी स्वच्छ कळलं, आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

नंतर चिचभवनपर्यंत एक चक्कर मारली. मी पुढच्या सीटवर बसून मान हलवत होतो. मध्येच पायाखाली थोडी थरथर जाणवली, तेवढ्यावर समाधान मानलं. प्रणालीने टोकन दिलं.

संध्याकाळी जेवताना ती माझ्या समोरच बसली होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर टवटवी दिसत होती. शोभाला ती गाडीचं कौतुक सांगत होती आणि मी भाकरी कुस्करत तिच्या ओठांकडे पाहत होतो.

"आई, गंमत सांगू? बटण दाबलं ना, तरी इंजिन सुरूच नाही होत तिचं. पहिले बॅटरीवरच चालते. जोर लागला का मग इंजिन लागते. उभ्या गाडीत तर चिडीचूप!"

"अवं बाई," शोभा म्हणाली, "मग कोणी चोरून नेली तं समजणार बी नाही." दोघी हसल्या.

माझा घास तोंडातच राहिला. खोटं कशाला सांगू, पहिला क्षण आनंदाचा होता. हाड गेलं नव्हतं! इंजिनच बंद होतं, तर आवाज येणार कुठून? आणि दुसऱ्या क्षणी बाकीचं लक्षात आलं. मी बंद इंजिनाचं टॅपेट ऐकलं होतं. मशीन क्लीन आहे असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या गाडीचं इंजिन कसं आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, आणि माझी मुलगी तिच्यात बसून रोज कोळशाच्या ट्रकांमधून जाणार होती.

"उद्या अकरा वाजता ब्रँचमधूनच पैसे पाठवते," ती सांगत होती. "संध्याकाळी गाडी घरी."

"रंग काही बरा नाही वाटत मले," मी म्हणालो.

"पांढरा तर तुम्हालेच आवडते ना!"

"उद्याच काहून पाठवतं? दोन-चार दिवस थांब. दुसऱ्या पाहू."

ती हात धुवायला उठली होती, पण थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पास केली ना बाबा. मग मले कशाचं टेन्शन?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. तिला काही कळलं नव्हतं. बंद इंजिन आणि टॅपेट हे दोन आणि दोन तिने जोडलेच नव्हते, कारण बाप खोटं बोलेल हे तिच्या हिशेबातच नव्हतं. तिने चिडून मला विचारलं असतं तर मीही चिडलो असतो, आरडाओरडा केला असता आणि त्या गोंधळात खरं बाहेर पडलं असतं. पण ती माझ्या ताटात भाकरी वाढून झोपायला गेली.

सकाळी साडेसात वाजता ती निघाली. दारात चप्पल घालताना एक पट्टा तिच्या हातून निसटला, खरं सांगायला तेवढा वेळ होता. मी दाराला टेकून उभा राहिलो आणि "पाणी घेतलं काय?" एवढंच विचारलं. घेतलं, म्हणाली. गेली.

शोभाला काहीतरी सांगून मी ऑटोने वर्धा रोडला पोचलो. ऑटोवाल्याने पलीकडेच सोडलं, म्हणून रस्ता ओलांडून गेलो. कुशल नुकताच येऊन अगरबत्ती लावत होता. तोंडात अजून खर्रा नव्हता, हे एक बरं झालं.

"इंजिन चालू कर," मी म्हणालो.

"काल तर पास केली ना काकाजी."

"काल इंजिन बंद होतं."

"मले माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "मी विचारलं होतं तुम्हाले, इंजिन लावू काय म्हणून. तुम्ही हात हलवला. मग बंद मशीनले पेचकस लावून टॅपेट सांगितले. आता गिऱ्हाईकच पास करून राहिलं, तर मी काहून आडवा येऊ?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचं काय चुकलं होतं? त्याने विचारलं होतं. मी ऐकलं नव्हतं आणि ऐकल्याचं नाटक केलं होतं. हे नाटक मी तीन वर्षं करत होतो, फक्त त्याचं तिकीट आज माझ्या मुलीच्या नावावर फाटलं होतं.

कुशल आत बसला. एसी जोरात केला, ॲक्सिलरेटर दाबून धरला, आणि आता मात्र झाकण खरंच थरथरू लागलं. मी पेचकस टेकवला. आवाज आला. डोक्यात भरून आला, अगदी पूर्वीसारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते बॉनेटखाली वाकूनच पुसलं.

मग त्या आवाजाच्या खाली मला दुसरं काहीतरी लागलं. टक. थोडं थांबून पुन्हा टक. मी जागा बदलली, टक गेली. पुन्हा पहिल्या जागी आलो, तर कधी होती, कधी नव्हती. काय होतं ते? खालचं बेअरिंग? की माझ्याच कानशिलातली नस उडत होती? दोन तास झोपलेला, छाती धडधडणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस, त्याच्या हाडात काय वाजतं आणि मशीनमध्ये काय वाजतं, हे वेगळं कसं करायचं? दहा वर्षांपूर्वी मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. आता दहा मिनिटं वाकून राहिलो, कंबर धरली, आणि मला कळेना.

"तुले येते का काही ऐकू?" मी कुशलला विचारलं.

"मले तर सगळं बरोबर वाटून राहिलं."

विकणाऱ्याचे कान आणि माझे कान, दोन्ही कामातून गेलेले. मला गेल्या तीन वर्षांत पास केलेल्या गाड्या आठवू लागल्या. काटोलचा तो संत्र्याचा व्यापारी, बायको-पोरांना घेऊन आला होता. मी आठवणं बंद केलं, कारण भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

मी मोबाइलवर एका बोटाने मेसेज लिहिला, पैसे पाठवू नको. तो गेला, पण तिच्यापर्यंत पोचल्याची खूण काही दिसेना. बँकेत ती फोन ड्रॉवरमध्ये ठेवते, घरचा फोन वाजला तरच उचलते. दहा-चाळीस. दहा-त्रेचाळीस.

"फोन लावा ना," कुशल म्हणाला. मग जरा जवळ येऊन, "पण सांगान काय काकाजी? काल टॅपेट सांगितले, आज टकटक सांगान? पोरगी विचारीन ना, मग काल काय ऐकलं होतं म्हणून."

त्याने अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. वाट एक होती, सोपी होती. दुकानदार चोर आहे, कागद खोटे आहेत, असं सांगून टाकायचं. प्रणालीने लगेच ऐकलं असतं. माझं नाव राहिलं असतं, तिचे पैसे वाचले असते, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीला कान लावायला ती मलाच घेऊन गेली असती. मलाच. दुसरी गाडी, तिसरी गाडी, प्रत्येक वेळी ती पर्स पोटाशी धरून माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहणार.

मी नंबर लावला. पलीकडे रिंग वाजते की नाही हे मला ऐकू येत नाही, म्हणून फोन डोळ्यांसमोर धरला. स्क्रीनवर सेकंद सुरू झाले, तेव्हा तिने उचलल्याचं कळलं.

"प्रणाली, मी बाबा बोलून राहिलो. तू काही बोलू नको, नुसती ऐक. मले ऐकू येत नाही. फोनमधलं नाही म्हणत मी, मले ऐकूच येत नाही बेटा, तीन वर्षं झाले. काल त्या गाडीचं इंजिन बंद होतं. मी खोटं बोललो तुयापाशी. ते मशीन चांगलं आहे का खराब आहे, मले नाही माहीत. आज पुन्हा लावून पाह्यला पेचकस, तरी नाही समजलं. पैसे पाठवू नको. तू म्हणत होती ना, कंपनीत दाखवू, ते बरोबर होतं. मीच आडवा आलो. माह्यावर भरवसा ठेवू नको वं."

गाड्या धुणारे लोक हातातले पाइप तसेच धरून माझ्याकडे पाहत होते. त्यावरून कळलं की मी फार मोठ्याने बोललो होतो. सगळ्या दुकानाने ऐकलं होतं. शेजारच्या टायरवाल्यानेही.

सेकंद पुढे चालले होते. एक मिनिट दहा, एक मिनिट वीस. ती बोलत होती की गप्प होती, मला काय माहीत? फोन कानावर दाबला, तर वाळू चाळल्यासारखं काहीतरी खरखरलं. तिने पैसे पाठवून दिले असतील तर? चिडून फोन टेबलावर ठेवून उठून गेली असेल तर? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कानांचा असा संताप आला की ते उपटून फेकावेसे वाटले. शेवटी मी फोन कुशलपुढे धरला. ज्याचा सौदा मी आत्ता त्याच्या तोंडावर मोडला होता, त्याच्याशिवाय तिथे जवळ कोणी नव्हतं.

"काय म्हणते, सांग."

त्याने फोन घेतला आणि सवयीने पाठ फिरवून दोन पावलं पुढे गेला. मी त्याचा खांदा धरून त्याला वळवलं. "तोंड इकडे कर. मले दिसलं पाहिजे."

तो वळला. ऐकत राहिला. "हाव मॅडम," म्हणाला. मग पुन्हा नुसता ऐकत राहिला. त्याची नजर माझ्यावरून रस्त्यावर गेली, पुन्हा माझ्यावर आली.

"पैसे?" मी विचारलं.

"नाही पाठवले."

मी बॉनेटला टेकलो. "मग? चिडली काय? शिव्या देऊन राहिली काय?"

त्याने नाही अशी मान हलवली. "रडून राहिली," म्हणाला. मग फोनमध्ये, "हाव, इथंच आहेत. समोरच उभे आहेत. हाव, हाव मॅडम." आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"काय म्हणाली? अरे, सांग ना!"

कुशल माझ्या अगदी समोर आला. एकेक शब्द सुटा करून, तोंड मोठं उघडून, लहान पोराला सांगावं तसं त्याने सांगितलं, "म्हणाली, बाबाले एकट्याले रस्ता ओलांडू देऊ नका. मागून ट्रक आला तर हॉर्न ऐकू येणार नाही त्यांले. मी येऊन राहिली, तोवर धरून ठेवा."

मी रस्त्याकडे पाहिलं. ट्रक, बस, दुचाक्या, सगळं माझ्यापुरतं आवाजाशिवाय धावत होतं. सकाळी मी त्यातूनच चालत आलो होतो. तीन वर्षं मी माझं नाव जपत होतो, आणि पोरीला ऐकल्याबरोबर आधी काय सुचलं, तर हे. मला हुंदका आला आणि तो मी सगळ्यांसमोर येऊ दिला.

"मी काय लहान लेकरू आहे काय?" मी कुशलवर ओरडलो. "सोड मले. जातो मी माह्या घरी."

भिवापूरहून यायला तिला दोन तास तरी लागणार होते. कुशलने एका हाताने खुर्ची ओढली, मला तीत बसवलं, आणि दुसऱ्या हाताने धरलेला माझा दंड काही सोडला नाही.